काळ्या सिलिंडरला लागलेलं तेल

आश्रमशाळा, ता. एटापल्ली
२८ नोव्हेंबर २०२३

सुरेंद्रदादा,

नमस्कार. आजच्या काळात पत्र बघून तू हसशील. पण इथे रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ येते, आणि अर्धं बोलणं 'ऐकू येते का' यातच संपतं. शिवाय मला जे विचारायचं आहे ते लिहिलेलंच हवं. बाबांना कागद दाखवला की ते ऐकतात. माझ्या तोंडचं ऐकत नाहीत.

दिवाळीला घरी गेले होते. बाबा पडवीत गेट-खिडक्यांचं वेल्डिंग करतात हे तुला माहीतच आहे. आता आपल्या गावच्या मच्छिमार संस्थेने तलावासाठी दहा डोंगे नवे करायचं ठरवलं आहे. जुने लाकडाचे कुजले आणि तसं लाकूड आता जंगलातून मिळत नाही, म्हणून पत्र्याचे करायचे. सचिव गुणवंतराव म्हणाले, "घनश्यामभाऊ गावात असताना आपण ब्रह्मपुरीले काऊन जावं?" बाबा त्या दिवसापासून वेगळेच झालेत. आजोबा दुसऱ्याच्या डोंग्यात बसून जाळं टाकायचे. आता सगळं गाव बाबांनी केलेल्या डोंग्यात बसेल.

अडचण पत्र्याची आहे. तो पातळ आहे, विजेच्या वेल्डिंगने त्याला भोक पडतं. गॅसचं वेल्डिंग लागेल. त्यावर बाबांनी काढलेला तोडगा म्हणजे स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडर पडवीत ओढायचं. आई म्हणाली, "अन् भात का तुमच्या टॉर्चवर शिजवू?" म्हणून तेवढ्यावर थांबलं.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, पण ऑक्सिजनच्या सिलिंडरला कधी हात लावलेला नाही. तू बल्लारपूरला गॅसच्या डेपोत सुपरवायझर आहेस. कोणती सिलिंडरं घ्यायची, कुठे ठेवायची, काय करायचं नाही, ते सगळं मला लिहून पाठव. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवून बाबांना पाठवीन. माझा कॉलेजचा फॉर्म तूच भरला होतास, आणि 'पोरीले शिकू द्या मावसाजी' हेही तूच म्हणाला होतास. या घरात शिक्षण आलं ते तुझ्यामुळे. सुरक्षितपणाही तुझ्यामुळेच यावा.

तुझी बहीण,
पायल

*

बल्लारपूर
९ डिसेंबर २०२३

पायल मॅडम,

तुह्यं पत्र डेपोत सगळ्यांना दाखवलं. म्हणलं पाहा, माही बहीण मास्तरीण हाय अन् मले प्रश्न विचारते.

आता कामाचं. घरचं लाल सिलिंडर पडवीत न्यायचं नाही. ते स्वयंपाकाचं आहे, कायद्यानंही चालत नाही आणि पातळ पत्र्याच्या सांध्याले त्याची ज्योत पुरतही नाही. दोन सिलिंडरं लागतील. काळं ऑक्सिजनचं, मरून रंगाचं ॲसिटिलिनचं. विकत घेऊ नका, डेपोतून बदलीवर घ्या. रिकामं द्यायचं, भरलेलं घ्यायचं, म्हणजे तपासणीची जबाबदारी डेपोवर राहते. फार मोठी जोडी नको, घरी हलवता येत नाही. मानेवर शेवटच्या तपासणीचा महिना-साल ठोकलेला असतो. तो वाचल्याशिवाय सिलिंडर गाडीतून उतरवू द्यायचं नाही.

दोन्ही सिलिंडरं उभी ठेवायची, साखळीनं भिंतीले बांधायची. ॲसिटिलिनचं आडवं करून कधीच वापरायचं नाही, आतला पातळ पदार्थ नळीत येतो. जागा हवेशीर पाहिजे, कुडाच्या बंद खोलीत नको. चुलीपासून दूर. गॅसच्या बाजूचे आटे उलटे असतात, ते जबरदस्तीनं फिरवायचे नाहीत. गळती पाहायची तर साबणाच्या पाण्यानं, काडी पेटवून नाही. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून झडप मिळते, ती दोन्ही नळ्यांवर बसवायची. व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि उघडताना बाजूले उभं राहायचं.

रेग्युलेटर नवाच पाहिजे. जुना कोणी फुकट दिला तरी नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ऑक्सिजनच्या कोणत्याही भागाले तेल लागलं नाही पाहिजे. ना खोबऱ्याचं, ना जवसाचं, ना मशिनीचं. दाबातला ऑक्सिजन तेलावर गेला की काडीचीही गरज नाही, आपोआप पेट घेतो. हे मावसाजीले चार वेळा सांग. घरात नवं हत्यार आलं की ते तेल-शेंदूर लावतात. वेल्डिंगची मशीन आली तेव्हा लावला होता, म्या डोळ्यानं पाह्यलं. मशीननं ऐकून घेतलं. ऑक्सिजन ऐकणार नाही.

सिलिंडरं मावसाजीच्या नावानं म्या नोंदवतो. रेग्युलेटर बसवायले स्वतः येतो.

तुहा दादा,
सुरेंद्र

*

बोरटोला, ता. ब्रह्मपुरी
८ जानेवारी २०२४

पायल बाई,

तुहं पत्र भेटलं. सुरेंद्रनं सांगतलेलं तू लिहून पाठवलं ते म्या पडवीत भिंतीवर लावलं. येणारा-जाणारा वाचते. शेजारचा पत्रू म्हणे, घनश्यामभाऊ, तुह्या पडवीची शाळा झाली.

शनिवारी दोन्ही सिलेंडर आले. मानेवरचं साल पाह्यलं. डायवर म्हणे, असं पाहणारा तुमीच पहिले. साखळी ठोकली. पडवीची एक बाजूची बांबूची तट्टी काढून टाकली, हवा खेळते आता. थंडीही खेळते, तुही आई बडबड करून राह्यली.

नवं हत्यार घरी आलं तर पूजा कराच लागते, तशी केली. तुह्या आईनं तेल-शेंदराची वाटी काढली होती. त्याची एक गंमत हाय, ते तू घरी आली का सांगीन, कागदावर नाई जमत.

पत्रा अजून यायचा हाय. आला का सुरेंद्र येऊन रेगुलेटर बसवून देईन. पहिला डोंगा पाण्यात सोडाच्या दिवशी तू पाह्यजे. गुणवंतरावले म्या सांगून ठेवलं, माही पोरगी आल्याशिवाय सोडाचा नाई.

जेवत जाय. तिकडे मलेरिया हाय म्हणते.

तुहे बाबा,
घनश्याम

*

बल्लारपूर
१२ फेब्रुवारी २०२४

पायल,

तू एटापल्लीले परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी म्या पुन्हा दवाखान्यात गेलो होतो. मावसाजीची पट्टी बदलली. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, पण डॉक्टर म्हणतात हात राहील. डोळे वाचले हे नशीब.

तू त्यांच्यावर चिडलीस ते बरोबरच होतं. वाईट वाटून घेऊ नको. म्या चार तारखेले सकाळी रेग्युलेटर बसवून दिला, सगळं ठीक होतं, दुपारच्या गाडीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह उघडला आणि रेग्युलेटरनं तोंडावर पेट घेतला. ऑक्सिजन असा पेट घेतो तो एकाच गोष्टीनं, आणि ती गोष्ट आपण दोघांनी त्यांना आधीच लिहून दिली होती. तुले त्यांनी पूजेचं पत्र पाठवलं होतं ना. तेल-शेंदराची वाटी काढली हे त्यांनीच लिहिलं. तू विचारलंस तर 'नाई' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. जुनी माणसं, आपल्या पोरीपुढे लाजतात.

आता पुढचं ऐक. गावात लोक घाबरले. कोणी म्हणते सिलिंडर फुटलं, कोणी म्हणते पुढच्या वेळी अख्खा बोरटोला उडन. गुणवंतराव म्हणतात, संस्थेच्या सभेत कारण लेखी यायले पाहिजे, नाही तर डोंग्यांचं काम देता येणार नाही. म्या लिहिलं तर म्हणतील डेपोवाला डेपोची बाजू घेतो. तू लिही. तू विज्ञान शिकलेली, त्यांची पोरगी, तुह्या शब्दाले वजन हाय. तेलामुळे झालं, सिलिंडर चांगलं होतं, आता तेल लावणार नाहीत, इतकंच. भीती गेली का काम परत मावसाजीकडेच येईल.

लवकर लिही. सभा २५ तारखेले आहे.

सुरेंद्र

*

आश्रमशाळा, ता. एटापल्ली
१८ फेब्रुवारी २०२४

मा. सचिव गुणवंतराव,
मच्छिमार सहकारी संस्था, बोरटोला

महोदय,

माझे वडील श्री. घनश्याम दिघोरे यांना ५ फेब्रुवारी रोजी झालेल्या अपघाताबद्दल गावात बरेच गैरसमज पसरल्याचे कळले. ते दूर व्हावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सभेत वाचून दाखवावे, ही विनंती.

सिलिंडर फुटलेले नाही. ते योग्य तपासणी झालेले होते. ते उभे आणि साखळीने बांधलेले होते. पेट घेतला तो ऑक्सिजनच्या रेग्युलेटरने. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आला की ठिणगीशिवाय आग लागते. आपल्याकडे नव्या हत्याराला तेल-शेंदूर लावून पूजा करण्याची पद्धत आहे. माझ्या वडिलांनी लेखी सूचना मिळूनही ती पद्धत पाळली, आणि अपघात झाला.

हे लिहिताना मला वाईट वाटते. पण आपण कारण लपवले तर आपल्याच मुलांना पुन्हा इजा होईल. श्रद्धा असावी, पण ज्या वस्तूला आपण हात लावतो तिचा स्वभावही समजून घ्यावा. यापुढे माझे वडील अशी चूक करणार नाहीत, याची हमी मी विज्ञानाची पदवीधर आणि त्यांची मुलगी म्हणून देते. डोंग्यांचे काम त्यांच्याकडेच ठेवावे.

आपली नम्र,
पायल घनश्याम दिघोरे, बी.एस्सी.

*

बोरटोला
६ मार्च २०२४

पायल,

हे पत्र मी, आई लिहून राह्यली. बाबा सांगून राह्यले. त्यांचा हात अजून पट्टीत हाय. त्यांनी म्हणलं तसंच लिहून राह्यली, माह्या पदरचं शेवटी लिहीन.

बाई, तुहं पत्र सभेत वाचलं. गुणवंतरावनं मोठ्यानं वाचलं, चाळीस-पन्नास माणसं होती. तू चांगलं लिहितेस.

वाचून झाल्यावर श्रावण म्हणे, ज्याले त्याची पोरगी लिहून देते तरी समजत नाई त्याच्या डोंग्यात आपली लेकरं बसवाची का. मंग काम ब्रह्मपुरीच्या दुकानाले दिलं. कोणी हात वर करून ना नाई म्हणलं. म्याही नाई.

म्या दवाखान्यात तुले एकदा नाई म्हणलो होतो. तू ऐकलं नाई. दुसऱ्यांदा म्हणाची माही इच्छा झाली नाई. आता सांगतो, कारण तू ते कागदावर लिहिलं, अन् कागद राहून जाते.

पूजेची गंमत तुले सांगणार होतो ते अशी. तुह्या आईनं वाटी आणली. म्या म्हणलो, थांब, पोरीनं नाई सांगतलं हाय. तुही आई म्हणे, मंग देवाले का सांगू? म्या म्हणलो, देवाले सांग, माही पोरगी बीएससी हाय. मंग तेल-शेंदूर जुन्या मशीनले लावला अन् सिलेंडरसमोर चार हात दूर, जमिनीवर, झेंडूची फुलं ठेवली. दुरूनच हात जोडले. तुही आई इतकी हासली का तिचा पदर तोंडात.

सुरेंद्र चार तारखेले आला. रेगुलेटर नवा नव्हता. काच तडकेली होती. म्या म्हणलो, तुनंच लिहिलं जुना फुकट दिला तरी नको. तो म्हणे, मावसाजी, नवा येणार हाय, तोपर्यंत हा चालवा. मंग त्याचा आटा बसे ना. सुरेंद्रनं थैलीतून डबी काढली अन् आट्याले बोटानं चोपडलं. म्या हात धरला. म्हणलो, तेल नाई ना लावाचं? तो हासला, म्हणे हे तेल नाई मावसाजी, ग्रीस हाय, कंपनीतही लावते. तो डेपोचा माणूस. म्या म्हणलो, त्याले माहीत असन.

भिंतीवरच्या तुह्या कागदावर ग्रीस लिहिलं नव्हतं. म्या पुन्हा वाचून पाह्यलं होतं.

सभेत म्या सुरेंद्रचं नाव घेतलं नाई. तुह्या आईची बहीण, त्याची माय, मरताना त्याचा हात माह्या हाती देऊन गेली होती. अजूनही नाई घेणार. पण तू तं मले ओळखत होतीस.

बस. इतकंच म्हणाले.

आता माहं. पायल, म्या ते पूजा झाल्यापासून त्यांच्या डोक्यालेही तेल लावत नव्हते. सिलेंडरजवळ जायच्या आंधी ते साबणानं हात धुवाचे, दोनदा. केस कसे वाळल्या गवतावानी झाले होते, तू दवाखान्यात पाह्यलं असन. तुले वाटलं असन आजारानं.

आई

*

आश्रमशाळा, ता. एटापल्ली
१५ मार्च २०२४

सुरेंद्रदादा,

दादा लिहावं की नाही, याचा विचार करण्यात अर्धा तास गेला. सवयीने लिहिलं आहे.

एकच प्रश्न आहे. ४ फेब्रुवारीला रेग्युलेटरच्या आट्याला ग्रीस तू लावलंस का?

घरून पत्र आलं आहे, त्यामुळे उत्तर मला माहीत आहे. तरी तुझ्या हाताने लिहिलेलं हवं आहे. तुझं ९ डिसेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. 'ना खोबऱ्याचं, ना जवसाचं, ना मशिनीचं.' हे तू लिहिलंस, दादा. ज्याला माहीत नव्हतं त्याने चूक केली असती तर मी त्याला समजावलं असतं. तेच तर माझं काम आहे. पण तुला माहीत होतं. आणि तुला माहीत असताना तू मला दवाखान्याच्या व्हरांड्यात धीर दिलास. माझ्यासाठी चहा आणलास. 'जुनी माणसं लाजतात' म्हणालास. मग माझ्याकडून पत्र लिहून घेतलंस.

मी बाबांकडे न बघता तुझ्याकडे बघितलं, कारण तू कारण सांगत होतास आणि ते फक्त 'नाई' म्हणत होते. कारण सांगता येणारा माणूस खरा असतो, हे मी कॉलेजात शिकले की तुझ्याकडून, ते आता आठवत नाही.

उत्तर दे.

पायल

*

बल्लारपूर
२ एप्रिल २०२४

पायल,

ग्रीस म्याच लावलं.

आता सगळं सांगतो. म्या सुपरवायझर नाही. कधीच नव्हतो. म्या गाडीवर सिलिंडरं चढवतो-उतरवतो. आय.टी.आय. म्या दुसऱ्या वर्षीच सोडलं, घरी कोणाले सांगितलं नाही. तुले जे लिहून पाठवलं ते डेपोच्या भिंतीवर बोर्ड लागला आहे त्यावरून उतरवलं, सोपं करून. ते सगळं खरं आहे. बोर्ड चांगला आहे. पण आमच्यात बोर्ड वाचत कोणी नाही. आटा बसला नाही का सगळेच बोट फिरवतात. चार वर्षं पाहतो, काही होत नाही. त्या दिवशी झालं.

रेग्युलेटर भंगाराच्या पेटीतून उचलला. नवा मिळवून देतो म्हणून मावसाजीले शब्द दिला होता, पण मले नवा कोण देणार. पत्रा आला, संस्थेची माणसं विचारू लागली, आणि मावसाजी सगळ्यांना सांगत होते, आमचा सुरेंद्र येऊन बसवणार आहे. मग कसं सांगू, का सुरेंद्रले पाना धरायचीही परवानगी नाही.

म्या रोज त्यांचा हात पाहतो, डोळे मिटले तरी. तू मान अथवा नको मानू.

पण एक ऐक. आता दुसरं पत्र लिहू नको. माही नोकरी तर जाईलच, प्रकरण पोलिसांतही जाईल. आणि तुहंही पाह्य. सही करून, बी.एस्सी. लिहून तू एकदा सांगितलं का बापानं तेल लावलं. आता म्हणशील का नाही लावलं. लोक विचारतील, बाई, तुह्या कोणत्या सहीवर विश्वास ठेवावा? तुही नोकरी मानधनावरची आहे. तुलेच जड जाईल.

काम तर गेलंच. मावसाजी काही बोलत नाहीत. राहू दे.

सुरेंद्र

*

बोरटोला
२० एप्रिल २०२४

पायल बाई,

डाव्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर लहान पोरासारखं येते, हासू नको. तुही आई म्हणते मी लिहिते, पण हे तिच्या हातानं नाई लिहाचं.

गुणवंतराव परवा तुहं दुसरं पत्र घेऊन घरी आले. माह्यासमोर वाचलं. तू सगळं लिहिलं हाय. ग्रीस, जुना रेगुलेटर, अन् तुही चूक झाली म्हणून. सुरेंद्रचं पत्रही जोडलं. गुणवंतराव म्हणे, घनश्यामभाऊ, येत्या सभेत वाचू का?

म्या म्हणलो, नका वाचू. कागद त्यांच्याकडून मागून घेतला. ट्रंकेत ठेवला हाय.

तू रागावशील म्हणून सांगतो काऊन. गावात आता लोक इतकंच म्हणते का घनश्यामनं तेल लावलं. म्हणू दे. चार महिन्यानं विसरतीन, अडाणी होता म्हणतीन. अडाणी माणसाले एवढं माफ असते. पण ते पत्र वाचलं तर म्हणतीन, घनश्यामची पोरगी शिकली खरी, पण कोणी सांगतलं का बापाविरुद्ध लिहून देते. ते विसरणार नाई. आपल्या टोल्यात तुह्यामागं आता चार पोरी कॉलेजात जाऊन राह्यल्या. इतवारीची नात जाते. त्यांच्या घरी तुहंच नाव सांगते. ते नाव राहू दे.

सुरेंद्र येऊन गेला. अंगणात उभा राह्यला, आत आला नाई. म्या बस म्हणलो नाई, जा म्हणलो नाई. तुही आई पाणी घेऊन गेली अन् तांब्या खाली ठेवून परत आली.

ब्रह्मपुरीवाल्याचे चार डोंगे पाण्यात पडले. एक पाह्याले गेलो होतो. सांधा बरा हाय. म्या यापरीस बारीक ओढला असता.

तुहे बाबा,
घनश्याम

*

आश्रमशाळा, ता. एटापल्ली
२८ एप्रिल २०२४

बाबा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अक्षराला हसले नाही.

तुम्ही ते पत्र ट्रंकेत ठेवलंत. त्यात तुमचं नाव आहे म्हणून तुम्ही ते ठेवू शकत नाही. त्याच्याखाली सही माझी आहे. पहिल्या पत्राखालीही माझीच होती. ते वाचण्याआधी मात्र तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

सुरेंद्रदादाने मला फसवलं. हे मी लिहू शकते, सांगू शकते, त्याच्यावर रागावू शकते, आणि आयुष्यभर रागावेन असं वाटतं. पण तुमच्या बाबतीत मला कोणी फसवलं नव्हतं. तुम्ही समोर, खाटेवर होतात. मी तुमचं 'नाई' ऐकलं आणि मनात म्हटलं, यांना काय कळतं. हा विचार मला कोणी लिहून पाठवला नव्हता. तो माझाच होता, आणि तो माझ्याकडे कधीपासून होता हे मला माहीत नाही. ही गोष्ट मी दुसऱ्या पत्रात लिहायला विसरले. खरं तर विसरले नव्हते.

तुम्हाला माझं नाव वाचवायचं आहे. बाबा, त्या चार पोरींना माझं कोणतं नाव सांगता? जिने वडिलांचं न ऐकता लिहिलं, आणि वडिलांनी ते झाकलं, तिचं? त्यांच्याही घरी वडील आहेत. त्या उद्या शिकून येतील आणि असंच काही लिहितील, तेव्हा माझं काय चुकलं हे त्यांना कोणी तरी सांगितलेलं असायला हवं.

शाळेला १ तारखेपासून सुट्टी लागते. मी शुक्रवारी निघते, आलापल्लीला गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचेन. रविवारी ५ तारखेला संस्थेची सभा आहे, गुणवंतरावांना मी वेगळं कळवलं आहे. ट्रंकेची किल्ली मागणार नाही. माझ्याकडे नक्कल आहे. सुरेंद्रदादालाही सभेला ये म्हणून लिहिलं आहे. तो येणार नाही, मला माहीत आहे. त्याचं नाव तुम्ही घेऊ नका. मी घेईन. मावशीने त्याचा हात तुमच्या हाती दिला होता, माझ्या नाही.

काम परत मिळणार नाही, हेही माहीत आहे. सहा डोंगे बाकी असले तरी ते आता देणार नाहीत. मी त्यासाठी येत नाही.

मी दोन्ही पत्रं वाचणार आहे. आधी पहिलं, जसंच्या तसं, खालच्या बी.एस्सी.सकट. मग दुसरं. श्रावणकाका म्हणतील, ही पोरगी कोणाच्याही सांगण्यावरून लिहिते. म्हणू द्या. ते खरंच आहे, बाबा. तुम्ही तेल लावलं, हे खरं नाही.

तुमची,
पायल